मामाकडे शिकू नये

ठाण्याच्या खाडीतल्या बऱ्याच चांगल्या तांडेलांना कुणाच्या हाताखाली शिकायचं हे ज्या गृहस्थांनी सांगितलं, त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. सुकाणू त्यांनी जन्मात धरलं नव्हतं. होडीत पाय ठेवायचा म्हटलं की ते आधी पागोट्यावरून हनुवटीखाली सुतळी बांधून घ्यायचे, मग देवाचं नाव घ्यायचे, आणि मग दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बरोब्बर मधोमध बसायचे. हेच गृहस्थ जमिनीला पाय टेकले की खाडीवर असं काही बोलायला लागत, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही खाडी यांनीच खणून घेतली आहे.

ते मिठाच्या नाक्यावर नाकेदार होते. त्या काळी आमच्याकडे पिकलेलं मीठ पडावांतून वर कल्याणकडे जायचं. पडाव म्हणजे आमची माल वाहणारी मोठी होडी, आणि ती चालवणारा तो तांडेल. येताना तेच पडाव भात, जळाऊ लाकूड, गवत असं काहीबाही घेऊन यायचे. मिठाचा प्रत्येक पडाव नाक्यावर थांबायचा, कागद दाखवायचा आणि पुढे सरकायचा. कागदावर सही करायला नाकेदारांना जेवढा वेळ लागे, त्याच्या कितीतरी पट वेळ ते खिडकीतून पडाव न्याहाळण्यात घालवत. वरचे साहेब त्यावरून चिडायचे म्हणतात. नाकेदारांचं उत्तर ठरलेलं होतं, "सरकारनं मला बघायलाच तर बसवलंय."

माणसांचे चेहरे त्यांच्या ध्यानात राहत नसत. पडाव राहत. बाजारात एखाद्या तांडेलानं रामराम केला की हे डोळे बारीक करून विचारायचे, "तू तो वळताना उशीर करणारा ना?" शेजारी त्या तांडेलाची बायको उभी असली तरी यांना त्याचं काही नसे. मग ती बिचारी घरी जाऊन नवऱ्याला विचारायची, की हा उशीर कसला. एकदा एका सावकाराच्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी समोरच्या पाहुण्याला मोठ्यानं सांगितलं होतं, "तुमच्या पडावाचं बूड गळतंय." पाहुणा जेवता जेवता थांबला. बूड गळत होतं, हे पुढच्या आठवड्यात कळलं.

आणि तपकीर. नाक्यावर बसले की दर घटकेला चिमूट, मग शिंक, मग लाल पंचा, मग पुन्हा खिडकी. पण पडावावर चढले की ती डबी कनवटीला जायची ती उतरेपर्यंत बाहेर निघायची नाही. मी एकदा कारण विचारलं.

"शिंकताना डोळे मिटतात," ते म्हणाले. "आणि सुकाणू धरणाऱ्याच्या हातावरची नजर मी काढत नाही. ज्याच्या पडावावर मला शिंकता येईल असा तांडेल अजून भेटायचा आहे."

तरुण पोरं त्यांच्याकडे यायची ती अशीच, कुणी कुणाला सांगून. आगगाडी आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती, आणि गावातली शहाणी माणसं सांगायची, की पडावांचे दिवस भरले, तांडेल होऊन काय करणार. नाकेदारांना हे बोलणं मुळीच खपत नसे. "आगगाडी रुळावरून जाते," ते म्हणायचे. "मीठ काय रुळावर पिकतं? तिवरांच्या आत, चिखलाच्या पलीकडे जिथं ते पिकतं, तिथं कोण जाणार, इंजिन?" आलेल्या एकाही पोराला त्यांनी कधी 'तुला जमणार नाही' म्हटलेलं मला आठवत नाही. लुकडा असो, घाबरट असो, त्यांचं वाक्य एकच. "तुला जमेल. कुणाकडे जमेल एवढंच बघायचं आहे."

मग त्यांचा सल्ला सुरू व्हायचा. नव्या रंगाला भुलू नकोस, रंग कुणीही देतो, आत उतरून बूड बघ. तांडेलाला काही विचारू नकोस, तो स्वतःबद्दल बरंच सांगेल. त्याच्या हाताखालच्या पोराला विचार, आणि तांडेल आसपास कुठं दिसत नसताना विचार. एक खेप नुसता बसून कर, कशाला हात लावू नकोस. हाताखालचा पोरगा चुकला की तांडेल कधी ओरडतो ते बघ. चुकायच्या आधी ओरडला तर पोरगा भित्रा होतो, चुकत असताना ओरडला तर पडाव खांबावर जातो. चूक निस्तरल्यावर जो ओरडतो त्याच्या पाया पड. आणि वादळवाऱ्यात कधी माघारी फिरलात का, हे तेवढं तांडेलाला तोंडावर विचार. 'मी? कधीच नाही' असं छाती काढून म्हणाला, तर नमस्कार कर आणि तूच माघारी फीर.

हे सगळं ऐकायला मजा यायची. दुसऱ्याला सांगत असले की जास्तच यायची. माझी पाळी आली तेव्हा मात्र मजा संपली.

आमचं घर माजिवड्याचं. बाप मिठागरावर राबायचा, आईचा भाऊ ठाणे बंदरात तांडेल होता. तांडेल म्हणजे बंदरातला पहिल्या प्रतीचा. मामाचा पडाव चिखलात रुतलेला कुणी पाहिला नव्हता. आमच्या लोकांत पोरगा पाण्यावर घालायचा म्हणजे मामाच्या हाती द्यायचा, ही रीतच होती. सख्खा मामा असताना पोरगा परक्याच्या पडावावर शिकायला गेला, तर गाव विचारणार, भावाबहिणीत काय वाकडं आलं? नारळी पौर्णिमेला मामा मला घेऊन जाणार हे ठरलेलं होतं. मी नाक्यावर गेलो तो सल्ल्याला नव्हे, मिरवायला.

नाकेदारांनी चिमूट नाकाशी नेली होती, ती तशीच खाली आणली.

"मामाकडे शिकू नये," ते म्हणाले.

"राव, माझ्या मामासारखा तांडेल आहे का बंदरात?"

"नाही. म्हणूनच विचारतो. त्याच्या हाताखाली शिकून तांडेल झालेला एक माणूस मला दाखव."

मी आठवायला लागलो. मामाच्या पडावावर कितीतरी पोरं येऊन गेली होती. शीड त्यांच्याइतकं झटपट कुणी चढवत नसे. पण सगळी खलाशी राहिली होती, केस पिकले तरी खलाशीच. सुकाणूवर बसलेला एकही नव्हता.

"सगळे भाचे, पुतणे, मेव्हण्याची पोरं," नाकेदार म्हणाले. "मी इथून रोज बघतो. सरळ पाण्यात पोराच्या हाती सुकाणू देतो. जरा पाणी वाकडं झालं, की काढून घेतो. बहिणीला तोंड दाखवायचं असतं ना त्याला. माणूस चांगला आहे. गुरू म्हणून उपयोगाचा नाही."

"मग कुणाकडे जाऊ?"

त्यांनी जे नाव सांगितलं ते ऐकून मी उठून उभाच राहिलो. कल्याणच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला सगळं बंदर चिखल्या म्हणायचं. खाडीत कुठंही पडाव रुतलेला दिसला, की तो कुणाचा हे बघायला जावं लागत नसे. पोरंसोरं काठावरून ओरडायची, "चिखल्या, भात लावतोस काय?"

"रुततो खरा," नाकेदार म्हणाले. "पण कधी रुततो ते बघितलंस? नारळी पौर्णिमेनंतर रोज. दिवाळीनंतर कधीमधी. होळीनंतर नाही. दर साली नवा पोरगा, दर साली तेच. रुततो तो चिखल्या नव्हे, त्याचा पोरगा. हा बाजूला तंबाखू मळत बसलेला असतो. आज खाडीत आपापला पडाव चालवणारे त्याचे किती चेले आहेत, जा, विचारून ये."

मी विचारून आलो. नाकेदार खरं बोलत होते.

घरी सांगितलं तेव्हा आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "माजे भावाला सोरून तू त्या चिखल्याकरं जासील? आनि मी काय तोंड दाखवू त्याला?" मामा त्याच संध्याकाळी येऊन गेला. अंगणातच उभा राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही. "ज्याला खाडीन पाय बुरवायची भीती वाटतं, त्या बामनाचं आयकून माजा भाचा मला सोरतंय," एवढं बोलून तो गेला. मला रडू आलं. पण पौर्णिमेनंतर मी कल्याणला गेलोच, कारण मला खलाशी व्हायचं नव्हतं, तांडेल व्हायचं होतं, आणि ते इतकं व्हायचं होतं की आईचं तोंड बघूनही माझे पाय थांबले नाहीत.

चिखल्यानं मला पहिल्याच खेपेला डोंबिवलीच्या बाजूच्या वळणावर सुकाणू दिलं आणि तंबाखू मळायला घेतली. मी पडाव सरळ गाळात नेऊन घातला. म्हाताऱ्यानं तंबाखू ओठाआड ठेवली आणि म्हणाला, "बसला? आता भरती येवस्तं बस. आनि बसल्या बसल्या बघ, पानी कुठशी गेला." ओहोटी लागली, खाडीचं पोट उघडं पडलं, आणि इतके दिवस ज्या पाण्यावरून मी डोळे झाकून ये-जा केली होती त्याच्या तळाला काय काय आहे ते मी पहिल्यांदा पाहिलं. कुठं गाळाचा उंचवटा, कुठं खोल धार, कुठं जुन्या पडावाचा सांगाडा. काठावरची पोरं आता माझ्या नावानं ओरडायला लागली होती. नाक्यासमोरून जाताना नाकेदार खिडकीतून चिखलानं माखलेला पडाव बघायचे आणि खुशीत मान डोलवायचे. "छान, छान," म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा.

त्या वर्षी भाऊबीजेला मामा आला नाही. आईनं ताट तयार करून ठेवलं होतं. उजेड होता तोवर ती रस्त्याकडे बघत बसली, आणि मग अंगणात जाऊन तिनं चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका ओवाळतात तसं. पुढच्या वर्षीही मामा आला नाही. तोवर मी रुतायचा थांबलो होतो, चिखल्या मला आगगाडीच्या पुलाखालूनसुद्धा पडाव नेऊ द्यायला लागला होता, पण घरी याचं कुणाला कौतुक नव्हतं. दुसऱ्यांदा चंद्राला ओवाळल्यावर दुसऱ्या दिवशी आई उठली आणि तडक नाक्यावर गेली. मी मागोमाग.

खिडकीशी उभी राहून ती म्हणाली, "नाकेदार, तुमी माज्या पोराला शानं केलात, चांगलं केलात. पन माजा भाव नेलात. मना माजा भाव परत पायजे."

नाकेदार खुर्चीतून उठले. कुणासाठी ते कधी उठत नसत. डबी बंद करून त्यांनी कनवटीला लावली आणि विचारलं, "बाई, तुमचा भाऊ कल्याणची खेप कधी नेतो?"

मामाची खेप निघाली तेव्हा नाकेदार हनुवटीखाली सुतळी बांधून धक्क्यावर हजर. कल्याणला सरकारी काम आहे म्हणाले. मी त्यांचं बोचकं घेऊन मागं. मामा माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागला, पण मिठाच्या नाकेदाराला नाही कसं म्हणणार? आम्ही चढलो. नाकेदारांनी मला सुकाणूच्या जवळ बसवलं आणि स्वतः मधली फळी धरून बसले, नजर मामाच्या हातावर.

ठाण्याला खाडीत भरती दोन तोंडांनी येते. एक मुंबईच्या अंगानं, दुसरी वसईच्या. आगगाडीच्या पुलापाशी दोन्ही पाणी एकमेकांना भिडतात, आणि खांबांमध्ये धार कुठं वळेल ते पाण्यालाच ठाऊक. डोलकाठी आडवी करून पडाव तिथून काढायचा म्हणजे तांडेलाची खरी परीक्षा. आम्ही पुलाच्या तोंडाशी आलो आणि नाकेदार एकदम उभे राहिले.

"तांडेल! अहो तांडेल, धरा मला! डोळ्यांपुढं अंधारी आली!"

आणि ते खरोखरच बाजूला झुकले. सरकारी माणूस आपल्या पडावावरून खाडीत पडला तर पुढं काय होईल, हे मामाला कळत होतं. "सुकान धर!" असं तो आपल्या जुन्या खलाशावर ओरडला आणि नाकेदारांकडे झेपावला. त्यांनी मामाची दोन्ही मनगटं पकडली. खलाशी सुकाणूकडे बघत राहिला. त्याचं अर्धं आयुष्य या पडावावर गेलं होतं आणि पुलाखाली त्यानं सुकाणूला कधी बोट लावलं नव्हतं. "मी? हितं?" तो म्हणाला. मी सुकाणू धरलं.

"सोरा राव, पोरगा पराव खांबाव घालंल!" मामा ओरडला.

"घालू दे! पण मला सोडू नका हो, सोडलंत तर मी गेलोच!"

मामानं हात सोडवायची खटपट केली, पण भ्यालेल्या माणसाची पकड ती, सुटते थोडीच. मी पाण्याकडे बघितलं. वसईकडचं पाणी जोरात होतं, ते मला डावीकडच्या खांबावर ढकलणार हे दिसत होतं, म्हणून मी आधीच उजवीकडे राहिलो. मग धार फिरली. मी फिरवलं. जिथं मी सुकाणू वळवायचो तिथं नाकेदारांच्या मुठीतले मामाचे हातही त्याच बाजूला वळत होते, हे मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, आणि माझी भीती गेली. शेवटचा खांब हातभर अंतरावरून मागं पडला.

नाकेदारांनी मामाची मनगटं सोडली. पागोटं सारखं केलं. "झालं," म्हणाले, "आता बरं वाटतंय."

कल्याणपर्यंत सुकाणू माझ्याकडेच राहिलं. मामानं मागितलं नाही, आणि मीही दिलं नाही. धक्क्याला लागल्यावर मामानं नाकेदारांना गाठलं.

"खरं सांगा राव. चक्कर आलेली का?"

"भीती खरी होती. चक्कर खोटी," नाकेदार म्हणाले. मग सुतळी सोडता सोडता त्यांनी सांगितलं, "आमच्या गावच्या तळ्यात मला माझ्या मामांनी पोहायला शिकवलं. माझ्या आईला त्यांनी शब्द दिला होता, भाच्याच्या नाकात पाणी जाऊ देणार नाही. शब्द पाळला हो त्यांनी. पोटाखालचा हात कधी काढलाच नाही. किती उन्हाळे शिकवलं! फार माया होती माझ्यावर. ते गेले, आणि मी अजून काठावर आहे."

मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "पयल्या खांबाला उजवा का राह्यला?"

"वसईचं पाणी जोरात होतं."

"मी पन तसाच राह्यतो," तो म्हणाला, आणि मग, "आय बरी हाय?"

परतल्यावर तो माझ्याबरोबर माजिवड्याला आला. भाऊबीज होऊन गेली होती, पण आईनं तिथीबिथी काही बघितली नाही. ताट घेऊन आली, ओवाळलं, आणि ओवाळता ओवाळता भावाला तोंडभर शिव्या दिल्या. पुढच्या नारळी पौर्णिमेला मामानं आपल्या त्या जुन्या खलाशाला पुलाखाली सुकाणू दिलं, आणि स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसला. मी पाहिलंय.

नाकेदारांची नोकरी संपली तेव्हा माझ्या हाती स्वतःचा पडाव होता. ते बिऱ्हाड घेऊन कल्याणला लेकीकडे निघाले. आगगाडीनं सुखासुखी गेले असते. पण सामानसुमान घेऊन, हनुवटीखाली सुतळी बांधून माझ्या धक्क्यावर आले. "तुझ्याकडे जागा आहे का?" असं विचारलं, जसं काही मी नाही म्हणणार होतो.

धक्क्यावर त्यांना पोचवायला आलेले तांडेल बघून मला हसू आलं. सगळे त्यांनीच कुणाकुणाकडे धाडलेले. नाकेदार एकेकाला विचारत होते, "तू कोण रे?" आणि तो आपला पडाव दाखवायचा, मग यांना ओळख पटायची.

आम्ही निघालो. ते मधली फळी धरून बसले, तोंड माझ्याकडे, नजर माझ्या हातावर. नेहमीसारखीच. पूल जवळ आला. त्या दिवशी उधाणाची भरती होती, दोन्ही पाणी खांबांमध्ये नुसती घुसळत होती. पडाव पहिल्या खांबापाशी आला आणि नाकेदारांनी फळीवरचा एक हात सोडला.

तो हात कनवटीला गेला. डबी बाहेर आली. मग त्यांनी दुसराही हात सोडला, झाकण उघडलं, चांगली भरघोस चिमूट घेतली, नाकाशी नेली, आणि डोळे गच्च मिटून ते शिंकले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

माझा खलाशी चरकला. पाण्यावर शिंक म्हणजे अपशकुन. "आरं द्येवा," तो पुटपुटला.

"गप बस," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते. पण पुसायला हात मोकळा नव्हता, पुढचा खांब आला होता.